अंगठ्याविना मूठ

शाडू मळायच्या यंत्रात नूतनच्या उजव्या हाताचा अंगठा गेला, त्याला आठ महिने झाले होते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात ती मूळ मूर्ती घडवायची. पितांबराच्या निऱ्या कोरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता ती खोक्यांत पेंढा भरायची. मालकाने कामावरून काढलं नाही, एवढंच.

एक दिवस ती नवऱ्याबरोबर खांब गावाला गेली. जितेशला कोयत्याला धार लावून घ्यायची होती. दाजी लोहार भात्यापाशी बसले होते. सत्तरीला टेकलेले, काटक. वीस वर्षं धाटावला कंपनीत वेल्डर होते. मग एके दिवशी नोकरी सोडून त्यांनी वडिलांचा बंद पडलेला भाता पेटवला. कारण विचारलं की म्हणायचे, "तिकडं हजार पायपा जोडल्या, एक पण कुणाच्या हातासाठी नाय."

कोयते-विळे पोटापुरते. दाजींचा जीव होता तो मागच्या भिंतीवर. नूतन तिथे गेली आणि खिळूनच राहिली. नागमोडी पात्याचा खंजीर, विंचवाच्या नांगीसारखा वळलेला बिचवा, फणसाच्या लाकडाच्या मुठीची सुरी. सगळं ट्रकच्या जुन्या स्प्रिंग-पाट्यांतून घडवलेलं. पात्याच्या मधोमध काढलेली पन्हळ टोकापर्यंत केसाएवढीही हललेली नव्हती. कोरणाऱ्याच्या डोळ्याला ते लगेच दिसलं.

"दाजी, ही एवढी सरळ रेघ हाताने?"

"कानशीनं. सतरा दिवस लागले." दाजी खुशीत आले. त्यांनी एक कट्यार काढून पुढे केली. "धर."

नूतनने हात पदराआड घेतला. "मला अंगठा नाय, दाजी."

"अंगठा कशाला लागतोय गो? मूठ हाय ना?"

कट्यारीला दोन उभ्या पट्ट्या होत्या आणि मध्ये आडवी मूठ. नूतनने चार बोटं आत घातली, मूठ वळली. पट्ट्या मनगटाला दोन्हीकडून टेकल्या. हत्यार हललं नाही, निसटलं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदा उजव्या हातात काहीतरी घट्ट राहिलं होतं. तिचे डोळे भरून आले. जितेश उगाच बाहेर बघत राहिला.

"अशी बारकी कोरणी होईल? शाडूसाठी?" तिने विचारलं.

दाजींनी थोडी माती भिजवली. ओल्या मातीचा गोळा तिच्या हातात दिला, दाबायला लावला आणि तो ठसा सावलीत वाळत ठेवला.

पहिली कोरणी जड झाली. दुसरीने मनगट सोललं. नूतन संकोचून म्हणाली, "चालेल, दाजी. करीन सवय."

"हातानं का सवय करायची? लोखंडानं करायची," म्हणत दाजींनी ती पुन्हा भट्टीत घातली. तिसऱ्या खेपेला पट्ट्यांना आतून चामडं लावलं, पातं बोटभर ठेवून किंचित वळवलं आणि तापलेल्या पात्याला पाणी देताना स्वतःचा श्वासही रोखून धरला.

ती कोरणी घेऊन नूतन कारखान्यात आली आणि एक फुटकी मूर्ती घेऊन कोरायला बसली. पहिल्या दोन निऱ्या वाकड्या गेल्या. तिसरी उतरली. दुपारी मालक मागे येऊन उभे राहिले आणि पेंढ्याचं खोकं त्यांनी स्वतःच उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे नवी माती आली.

पुढे महिन्याभराने वडखळला कामासाठी आलेले दाजी वाट वाकडी करून पेणला आले. नूतनने हौसेने पूर्ण झालेली मूर्ती दाखवली. सोंडेच्या वळणावरून, मखमलीसारख्या पडलेल्या निऱ्यांवरून कारखान्यातल्या लोकांची नजर हलत नव्हती. दाजींनी मूर्तीला नमस्कार केला आणि थेट कोरणी उचलून उजेडात धरली.

"डावीकडून जास्त झिजतेय. मनगट आत वळवतेस व्हय?"

"व्हय," नूतन हसली. "तुम्हाला कसं कळलं?"

"पातं सांगतंय." त्यांनी कोरणी फडक्यात गुंडाळली. "डावीकडं जरा जाड देतो. परवा घेऊन जा."