घोंगडीतला लांडगा

आधी एक सांगून टाकते. ती गोष्ट माझी होती. लांडगा माझा, पोरगी माझी, त्या दोघांचं प्रेमसुद्धा माझंच. सगळं मी लिहिलं आणि हिरोइन झाली ती.

ती म्हणजे माझी मैत्रीण. कामरगावात आमची घरं एकाच बोळीत, दारासमोर दार. अंगणवाडीत एका सतरंजीवर बसून दोघी रडलो आणि पुढे कारंज्याच्या कॉलेजातही एकाच बाकावर बसलो. दिसायला ती काही अप्सरा नाही. पण ती हसली की समोरच्याला वाटतं, आपण फार हुशारीचं बोललो. खोटं बोलायचं असलं की ती डाव्या कानाची पाळी ओढते. रडायचं असलं की केस धुवायला बसते, म्हणजे लाल डोळ्यांचं खापर शिकेकाईवर फोडता येतं. हे सगळ्या गावात फक्त मला ठाऊक होतं, आणि त्याची मला भारी ऐट होती.

आणि तो आमच्या वर्गातला एक पोट्टा. केस चांगले, फोन चांगला, गाडी मोठ्या भावाची. त्याच्याबद्दल याहून जास्त काही आठवायला बसले तर डोकं खाजवावं लागतं, पण तेव्हा मला तो म्हणजे जगातला शेवटचा पोट्टा वाटायचा. त्यानं मोबाइलवर हिंदीत बोलणारा एक विलायती पिच्चर पाहिला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या चहाच्या टपरीवर येऊन म्हणाला, "आपन पिच्चर काढू. लांडगामानसाचा. भेवबी वाटला पायजे, हसूबी आलं पायजे, अन् मधात लव्हस्टोरी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू लिव्हते ना बे काहीबाही? तूच लिव्ह." आणि तिच्याकडे वळून, "तू कायले हसून राह्यली वं?"

इथंच माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं. आमच्याकडे पोट्टे एकमेकांना बे म्हणतात आणि पोरीला वं. त्यानं मला पहिल्या दिवसापासून बे म्हटलं आणि तिला वं. "झालं का लिहून बे?" आणि लगेच मऊ आवाजात, "जेवली का वं?" एवढंसं ते अक्षर, पण त्याच्या पायी माझ्या अंगाचा जो तिळपापड व्हायचा तो काही विचारू नका. मी काय दाढी ठेवली होती का?

गोष्ट मात्र मी झकास लिहिली, माझ्याच तोंडानं सांगते. गावातला एक कॉलेजचा पोरगा रात्री ओलिताला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातो, त्याला लांडगा चावतो आणि दर पुनवेला त्याच्या अंगावर केस उगवतात. त्याची जिच्यावर प्रीती, तिला पाहायला पाहुणे येतात. दर वेळी हा लांडगा होऊन बैठकीत शिरतो, पाहुणे चपला टाकून पळतात आणि तो बसून त्यांचे पोहे खातो. आईला वाचून दाखवलं तर ती पदर तोंडाला लावून हसली, पण एका जागी अडली. "माय वं! पुनवेले कायचा लांडगा? भुतंखेतं अमुश्याले निंघतात. पुनवेले तं सत्यनारायन असते!" पोट्टा म्हणे, विलायती लांडग्याला पूर्ण चंद्रच लागतो, अमावस्या चालत नाही. मग मी तोड काढली. लांडगा ऐन सत्यनारायणात शिरतो, आधी उजव्या हातानं प्रसाद घेतो, कपाळाला लावतो आणि मग गुरगुरतो. आईचं समाधान झालं.

त्यातली पोरगी मी माझ्यासारखीच लिहिली होती. भाजीच्या वावरात वांग्यांचं कॅरेट उचलणारी, तोंडावर बोलणारी, नाकावर राग असणारी. त्यानं वाचलं, मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "भारी लिव्हलं बे! हे तं हिच्यासाठीच हाय." आणि बोट तिच्याकडे. ती म्हणाली, "मी नाई, हिलेच करू दे." मी म्हटलं, "नको वं, मले कॅमेऱ्याची लाज वाटते." तर बाईसाहेबांनी लगेच मान डोलावली! अहो, माणसानं एकदा तरी आग्रह करावा की नाही? जेवायला बसलेल्या पाहुण्याला आपण तीनदा पोळी वाढतो. इथं एका नाहीवर माझं ताट उचललं.

माझ्या वाट्याला उरला लांडग्याचा साजशृंगार. आजोबांची काळी घोंगडी त्याची कातडी झाली. वांग्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे कान झाले. दात मी मुळ्याचे कापले, कारण आमच्या वावरात मुळा होता आणि पांढरं, टोकदार दुसरं काही सापडेना. सकाळी ते दात असे झळकत की पाहून भीती वाटावी. दुपारपर्यंत सुकून वाकडे व्हायचे आणि लांडगा एकदम म्हातारा दिसायचा. शूटिंग आमच्याच वावरात, भर दिवसा. मोबाइलमध्ये अंधार नंतर करता येतो, असं तो म्हणायचा. चंद्र म्हणून आईची जर्मनची परात लिंबाला टांगली होती.

रोज दुपारी मी मेथीच्या वाफ्यात उभी राहून त्या दोघांना पाहायची. ती वाक्य विसरली की तो हसायचा आणि म्हणायचा, "राहू दे वं, पुन्हा घेऊ." मी घोंगडी आणायला उशीर केला की, "लक्ष कुठी राहते बे तुहं?" एकदा तिच्या ओढणीला गोखरू चिकटले. ते त्यानं एकेक करून काढले, जणू काही मोती वेचून राह्यला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागून आई ओरडली, "अवं, तू मेथी निंदून राह्यली का उपटून?" खाली पाहिलं तर वाफ्याचा एक कोपरा मोकळा.

त्यातही मला सगळ्यात जास्त टोचायचं ते वेगळंच. पहिले कुठूनही आलो तरी आम्ही दोघी गप्पा मारत बरोबर घरी यायचो. आता शूटिंग आटोपलं की ती त्याच्या गाडीवर मागे बसून भुर्रकन पुढे जायची आणि मी कान, दात, घोंगडी काखेत मारून पायी. संध्याकाळी ती बोळ ओलांडून यायची, पण बोलायची त्याच्याबद्दल. तो असं म्हणाला, तो तसं हसला. मी तांदूळ निवडत ऐकायची आणि खडे जरा जोरात फेकायची.

शेवटचा सीन राहिला. पोरगी लांडग्याला मिठी मारते, त्याला म्हणते, तू कोणीही अस, मला तूच पाहिजे, आणि लांडग्याचा माणूस होतो. इतके दिवस त्या घोंगडीत तोच वावरला होता, पण अंगात शर्ट ठेवून. त्या दिवशी त्याला हुक्की आली की माणूस झाल्यावर उघडी छाती दिसली पाहिजे. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन त्यानं शर्ट काढला आणि घोंगडी उघड्या अंगावर घेतली. ऊन रणरणतं, अंगाला घाम. मी मुळ्याचे दात घेऊन आत गेले तर गडी खाजवता खाजवता रडकुंडीला आलेला. मानेवर, छातीवर गांधी उठलेल्या. मला म्हणाला, "तू घाल बे. तोंड तं दिसतच नाई. मानूस झाल्यावरचं मंग घेऊ. अन् तिले नको सांगू, हसन ती."

बाहेर कॅरेटच्या उतरंडीवर फोन लावून ठेवलेला, रेकॉर्डिंग चालू. मी घोंगडी पांघरली, कान बांधले, दात ओठांत धरले आणि चार पायांवर बाहेर आले. काय वाटत होतं सांगू? आता ही मला तो समजून मिठी मारणार. निदान कळेल तरी, ही त्याला मिठी कशी मारते ते.

ती आली. गुडघ्यावर बसली, घोंगडीला कवळ घातली आणि माझंच वाक्य मला म्हणाली, "मानूस अस का लांडगा, मले तूच पायजे." चांगलं म्हणाली, मेली. वाक्य संपलं. आता तिनं उठायचं होतं, तर ती तशीच राहिली आणि पुठ्ठ्याच्या कानापाशी तोंड आणून हळूच बोलली, "ऐक. काल तू इचारलं ना, त्याचं उत्तर नाई हाय."

काल? यानं काल हिला विचारलं आणि हिनं मला सांगितलं नाही? काल संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर तासभर बसली होती! मी घोगऱ्या आवाजात, दात सांभाळत, एवढंच विचारलं, "काहून वं?"

वं पोट्टाही म्हणतो आणि पोट्टीही म्हणते. तिला शंकाच आली नाही.

"माह्या मैत्रिनीचा जीव हाय तुह्यावर," ती म्हणाली. "ती बोलनार नाई, पन मले समजते तिचं. हे घोंगडी तिनं धू-धू धुतली, तुले टोचू नये म्हनून."

माझे कान तापले. खरे कान. तरी मी विचारलं, "मी आवडत नाई का तुले?" आपल्या मराठीची कृपा, या वाक्यात बाई की बुवा काही कळत नाही.

तिनं घोंगडीची कड सारखी केली. मग म्हणाली, "लय आवडतं. पन तिच्याहून जास्त नाई."

आता कोणीही शहाणी असती तर तिथंच घोंगडी टाकून तिच्या गळ्यात पडली असती. पण मला त्या वाक्याचा फक्त पहिला भाग ऐकू आला, आणि दुसऱ्यात दिसली ती दया. मी उठले, कान उपटले, दात थुंकले आणि ओरडले, "भाजीवर फुकट सांबार टाकतात तसा पोट्टा टाकून राह्यली का मले? मी मागितला होता का तुले?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि भाजी विकणाऱ्या आमच्या घरानं सांबाराच्या जुड्या जन्मभर फुकट वाटल्या आहेत. फुकटाची किंमत काय असते ते मला चांगलं ठाऊक होतं.

ती मातीत बसकण मारून माझ्याकडे पाहत राहिली. "तू? तू होती आत?"

"मीच होती! अन् हो म्हन त्याले! उद्याच्या उद्या हो म्हन! मले तुही भीक नको."

तेवढ्यात मोटारीच्या खोलीतून तो बाहेर आला, छातीवर गांधी, हातात शर्ट. "कट म्हना ना बे कोनी तरी," म्हणाला. आम्हा दोघींपैकी कोणीही हसलं नाही. त्या दुपारी मी खिडकीतून पाहिलं, समोरच्या अंगणात ती केस धूत बसली होती. वार कोणता, वेळ कोणती, काही नाही. बराच वेळ धूत होती. मी गेले नाही.

पिच्चर मात्र पुरा झाला. मिठीचा तुकडा आहे तसाच ठेवला. फोन लांब होता, बोलणं काही ऐकू येत नव्हतं, त्यावर मी कोल्हेकुई टाकली, कारण लांडग्याचा आवाज कुणाकडेच नव्हता. सगळ्या गावानं मोबाइलवर पाहिला. लोक म्हणाले, लांडग्यानं काम लय भारी केलं, आणि शाबासकी घेतली त्यानं. बाया म्हणाल्या, पोरीनं मिठी मारली ती अगदी खरी वाटते. आमची बोलाचाली काही दिवसांनी आपसूक सुरू झाली, बोळ केवढी असते? त्या दिवसाबद्दल ती बोलली नाही, मीही नाही. आणि काही महिन्यांनी तिनं त्याला हो म्हटलं. मीच तर सांगितलं होतं.

यंदा उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं. लग्नात मी करवलीसारखी मिरवले, नवऱ्याच्या चपला लपवल्या, सगळं केलं. त्याच्याकडे पाहून काही होतं का, म्हणून मी स्वतःला चाचपून पाहत होते. काही झालं नाही. बरं वाटलं. म्हटलं, गेली बाप्पा एकदाची ती जळजळ.

मग जोडी आमच्याकडे चहाला आली. आई भांडं ठेवत होती. तो दाराशी येऊन म्हणाला, "काकू, तिच्या चहात साखर नका टाकू. सोडली तिनं."

मी तिच्याकडे पाहिलं. "कवापासून वं?"

"झाले की आता लय दिवस," ती सहज म्हणाली आणि त्याच्याकडे पाहून हसली.

तिच्याबद्दलची एक गोष्ट त्याला माहीत होती आणि मला नव्हती. एवढंच. आणि माझ्या पोटात अस्सं पेटलं की मेथीच्या वाफ्यात कधी पेटलं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की हा पोट्टा हिनं नेला म्हणून मी जळते. जळत होते ती हिला त्यानं नेलं म्हणून. तिच्याहून जास्त नाई, असं तिनं माझ्या कानात सांगितलं होतं, आणि मीच ओरडून तिला त्याच्याकडे पाठवलं होतं.

"मी ठेवते चहा," म्हणत मी आईला बाजूला केलं आणि तिच्यासाठी वेगळं पातेलं चढवलं. साखरेचा डबा हाताशीच होता. तो उचलून कुणाच्या तरी टाळक्यात घालावा असं फार वाटत होतं, आणि कुणाच्या ते मला आता पक्कं माहीत होतं.