वैभवच्या गळ्याची शपथ

फोन आला तेव्हा मी एका बंद पडलेल्या कंपनीच्या ऑफिसात हातात ड्रिल घेऊन क्युबिकलच्या भिंती सोडवत होतो. शनिवारची दुपार होती. पलीकडे वैभवचा रूममेट होता आणि त्याला धड बोलता येत नव्हतं. "दत्ताभाऊ, वैभवला मारलं," एवढंच तो तीनदा म्हणाला. मला वाटलं, कुणाशी तरी हाणामारी झाली असेल, नाक फुटलं असेल... वैभवच्या बाबतीत ही काही बातमी नव्हती. मी म्हणालो, "मग समोरचा कुठल्या हॉस्पिटलात आहे?" मी विनोद केला होता. तो अजून माझ्या कानात वाजतो.

झालं होतं ते असं. किराणा दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये त्याच्या गाडीला मागून एक पिकअप ट्रक घासला. इथे अमेरिकेत असं झालं की माणसं गाडीत बसून राहतात, इन्शुरन्सचे कागद काढतात, एकमेकांचे नंबर लिहून घेतात. आपण खाली उतरतो. दार आपटून उतरतो, समोरच्याच्या बॉनेटवर थाप मारतो आणि विचारतो, डोळे कपाळाला लावलेत का... ही खोड आपल्या सगळ्यांना असते, पण वैभवच्या बाबतीत तिला धार मी लावली होती. "इथली माणसं भांडणाला भितात," मी त्याला सांगायचो, "आवाज चढवला की अर्धा सौदा आपला." त्या ट्रकवाल्याने आवाज चढवलाच नाही. सीटमागचा टायरचा लोखंडी पाना घेऊन तो उतरला. पहिला फटका दंडावर, दुसरा आणि तिसरा डोक्यावर. बघणाऱ्यांनी पोलिसांना असंच सांगितलं. वैभव सव्वीस वर्षांचा होता. दोन दिवस तो मशीनवर होता, शुद्धीवर आलाच नाही.

पंधरा दिवसांनी इथल्या मराठी लोकांनी शोकसभा घेतली. सात जण बोलले. वैभव हुशार होता, शांत होता, सुस्वभावी होता, निर्व्यसनी होता... 'निर्व्यसनी' हा शब्द मी चार वेळा ऐकला. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. तीन वर्षं रोज दुपारी चार वाजता ज्याच्यासोबत तो उभा राहिला, त्याचं नाव त्यात नव्हतं. मी उठलो आणि माइककडे निघालो. "दत्ताभाऊ, प्लीज, त्याचे आईवडील फोनवर ऐकतायत," एकाने दंड धरला. दुसरा हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच त्याला ती ओढायची नळी लावली. त्यानंच त्याचं डोकं फिरलं होतं." मी समोरची खुर्ची लाथेने उडवली आणि त्याची कॉलर धरली. चौघांनी मला ओढत बाहेर काढलं. मी तिथे जे बोलणार होतो, ते इथे लिहितो आहे. आणि तिथे जे मी बोललो नसतो, तेही.

मी कोल्हापूरकडचा. अमेरिकेत आलो ते बहिणीने फार पूर्वी भरलेल्या ग्रीन कार्डाच्या अर्जामुळे. २००१ साली इथल्या कंपन्या पटापट बुडायला लागल्या, माझीही नोकरी गेली. पण आमच्या ऑफिसातल्या खुर्च्या कचऱ्यात जाताना बघून माझं डोकं चाललं. बंद होणाऱ्या कंपन्यांचं फर्निचर उचलायचं आणि नव्या कंपन्यांना विकायचं, हा धंदा मी एका भाड्याच्या व्हॅनवर सुरू केला. कुणी हात दिला नाही, कुणाचा हात मी मागितला नाही. वैभव नागपूरचा. कामाच्या व्हिसावर क्युपर्टिनोत आला आणि २००५ मध्ये एक खुर्ची घ्यायला माझ्या गोदामात आला. खुर्चीचा एक हात सैल होता, हे मला माहीत होतं. त्यालाही कळलं. वीस मिनिटं आम्ही घासाघीस केली आणि शेवटी त्याने तो सैल हात पकडून असा काही हिसका दिला की तो तुटून त्याच्या हातात आला. "आता सांगा भाव," तो म्हणाला.

मी त्याला छातीवर हात मारून ढकललं. त्याने मला ढकललं. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर आम्ही दोघं आडवे झालो. त्याच्या शर्टाची बटणं गेली, माझ्या ओठातून रक्त आलं. मग धापा टाकत दोघं मागच्या दाराबाहेर पायऱ्यांवर बसलो. दोघांचेही हात एकाच वेळी खिशात गेले आणि दोघांकडेही सिगारेट निघाली. "काहून बे, आधी नाही सांगता येत होतं?" तो म्हणाला. ज्या माणसाशी आत्ता मारामारी केली, त्याला पहिल्या भेटीत 'बे' म्हणणारा मी दुसरा पाहिलेला नाही. लायटर माझा होता.

त्याचं ऑफिस गोदामापासून दोन रस्ते पलीकडे. दुपारी चारला तो यायचा. दोघं मागच्या पायऱ्यांवर दोन-दोन सिगारेटी ओढायचो आणि भांडायचो. त्याच्या मॅनेजरवर, माझ्या गिऱ्हाइकांवर, मिसळीत तर्री हवी की कट हवा यावर. तो नागपुरी शिव्या शिकवायचा, मी कोल्हापुरी. घरी मात्र त्याची सिगारेट कुणालाच माहीत नव्हती. त्याच्या सख्ख्या काकांना घशाचा कॅन्सर झाला होता. आवाज गेला, मग ते गेले. तेव्हापासून त्याची आई सिगारेटचं दुकान दिसलं तरी रस्ता बदलायची. "आईला कळलं ना भाऊ," तो म्हणायचा, "तर विमानात बसून येईल आणि इथेच चपलेनं हाणेल मला." रविवारी आईशी व्हिडिओवर बोलण्याआधी तो दोनदा दात घासायचा. कॅमेऱ्यातून वास जात नाही, हे त्याला कळत होतं. तरीही घासायचा.

२००७ च्या उन्हाळ्यात एका चिनी व्यापाऱ्याने मला एक खोकं दिलं. आत पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या होत्या, हुबेहूब सिगारेटसारख्या. ओढलं की टोकाला लाल दिवा लागायचा आणि तोंडातून वाफ यायची. धूर नाही, राख नाही, जवळपास वासही नाही. मोबाइलसारखी चार्ज करायची. 'तुझ्या ओळखीच्या सॉफ्टवेअरवाल्यांत खपव,' तो म्हणाला. मी एक ओढून पाहिली. जिभेवर कडू पाणी आलं आणि खोकला आला. पण धंदेवाईक माणूस वस्तू स्वतःला आवडते की नाही हे बघत नाही. मला इतरांना दाखवायला एक गिऱ्हाईक हवं होतं. तरुण, रोज पाकीट संपवणारं आणि सगळ्यांच्या ओळखीचं.

वैभवला मी ते पायऱ्यांवर दिलं. त्याने ओढलं, लाल दिव्याकडे बघितलं. "हे का आहे? टॉर्च?" मी त्याच्या काकांची आठवण काढली. हो, मी काढली, मुद्दाम. तो म्हणाला, "मी सोडतो. पण तुम्हीही सोडायची."

"माझं वय काय, तुझं काय. तू सोड."

"मग राहू द्या. दोघं नाही तर कोणीच नाही."

हा सौदा अडला होता आणि अडलेला सौदा मला बघवत नाही. मी म्हणालो, सोडली. तो म्हणाला, शपथ घ्या. मी आईची घेतली. "ती नाही चालत," तो म्हणाला, "तुमची आई गेली, तिला का होणार आहे? माझ्या गळ्याची घ्या. मी तुमच्या गळ्याची घेतो." शाळेतली पोरं घेतात तशी. आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असतं की ज्याच्या गळ्याची शपथ मोडली, तो मरतो. आणि ज्याच्या गळ्याची घेतली, त्याने स्वतः 'सुटली' म्हटल्याशिवाय शपथ सुटत नाही. दोन घोडे पायऱ्यांवर बसून एकमेकांच्या गळ्याची कातडी चिमटीत धरून शपथ घेत होते. आम्ही हसत होतो. त्याने माझ्या गळ्याला इतका जोरात चिमटा काढला की वळ उठला.

त्याने सोडली. मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे म्हणून ठासून लिहितो. पहिला महिना त्याने नरकात काढला. नळीतून सिगारेटची तहान भागत नव्हती. घसा कोरडा पडायचा, बॅटरी मीटिंगच्या मध्येच संपायची. एकदा त्याने घरच्या भिंतीवर बुक्की मारली आणि मनगटापर्यंत हात आत गेला. एकदा कीबोर्ड गुडघ्यावर आपटून दोन तुकडे केले. फ्रीवेवर कुणी आडवं आलं की तो मैलभर पाठलाग करायचा. पण पाकिटाला हात लावला नाही. तिसऱ्या महिन्यात जिना चढताना त्याची धाप कमी झाली. एका रविवारी तो आईशी दात न घासता बोलला आणि सोमवारी मला ते सांगताना त्याचा चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा होता. माझा माल खपायला लागला. त्याच्याकडे बघून त्याच्या ऑफिसातल्या अकरा पोरांनी नळ्या घेतल्या.

मी नव्हती सोडली. एक दिवससुद्धा नाही. चारला त्याच्यासमोर लाल दिवा लावायचो आणि पाचला व्हॅनच्या काचा वर करून आत सिगारेट ओढायचो. शपथ-बिपथ माझ्यासाठी सौद्यातलं बोलणं होतं. गिऱ्हाईक म्हणतं, 'तुम्ही वापरता का हे?' आपण म्हणतो, 'घरात आहे आमच्या.' तेवढंच.

या वर्षी फेब्रुवारीत त्याने मला पकडलं. पाचला काहीतरी विसरलेलं न्यायला तो परत आला आणि त्याने व्हॅनचं दार उघडलं. धुराचा लोट त्याच्या तोंडावर गेला. त्याने माझा शर्ट धरून मला खाली डांबरावर ओढलं आणि तोंडावर मारलं. माझा पुढचा दात हलला. मीही तरबेज आहे. मी त्याला खाली घेतलं, त्याच्या छातीवर बसलो. त्याच्या भुवईतून रक्त येत होतं आणि तो हात चालवायचा थांबला होता. खालून नुसता बघत होता.

"माझ्या गळ्याची घेतली होती तुम्ही," तो म्हणाला. "मी सात महिने मरून राहिलो होतो भाऊ. मरून."

मी उठलो. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. "पोरखेळ होता तो," मी म्हणालो. "म्हण सुटली आणि संपव."

"नाही म्हणत."

"सुटली म्हण, वैभ्या."

"नाही म्हणत. मेलो तर कळेल तुम्हाला." तो कपडे झटकत गेला. त्यानंतर चार वाजता कुणी आलं नाही. मी फोन केला नाही. पहिला फोन करणारा सौद्यात खाली येतो, हे मी आयुष्यभर पाळलेलं आहे. सात आठवड्यांनी त्या रूममेटचा फोन आला.

हॉस्पिटलात त्याचं डोकं इतकं सुजलं होतं की ओळख फक्त भुवईवरच्या, मीच दिलेल्या व्रणाने पटली. नर्सने दहा मिनिटं दिली. मी त्याच्या कानाशी वाकून माफी मागितली, असं लिहिलं तर बरं दिसेल. मी माफी मागितली नाही. मी त्याला म्हणालो, सुटली म्हण. म्हण लवकर. दहा मिनिटं मी एवढंच म्हणत होतो, शेवटी शेवटी तर शिव्या देऊन. मी अशा गोष्टी मानत नाही. तेव्हा मानत होतो.

त्याच्या खोलीतलं सामान मी बांधलं आणि नागपूरला पाठवलं. गेल्या महिन्यात काकूंचा, म्हणजे वैभवच्या आईचा, फोन आला. "दत्ता, त्याच्या बॅगेत एक पांढरी नळी निघाली रे. ओढलं की दिवा लागते. काय आहे ते?" सभेत चार वेळा म्हटलेला 'निर्व्यसनी' त्यांनी फोनवर ऐकला होता. मी सांगू शकलो असतो की पेन आहे, खेळणं आहे. तोंडावर आलंही होतं. मग मी सगळं सांगितलं. सिगारेट, काकांची आठवण, पायऱ्या, शपथ, व्हॅन. बोलताना माझा हात गळ्याशी होता.

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे त्यानं सोडली होती."

"हो काकू. त्यानं सोडली होती."

"आणि तू माझ्या पोराच्या गळ्याची घेऊन ओढत होता."

"हो."

मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, काकू, तो गेला, आता तुम्हीच म्हणू शकता. एकदा सुटली म्हणा. मी कोर्टाच्या प्रत्येक तारखेला उभा राहीन, त्या माणसाला सुटू देणार नाही, तुम्हाला तिथून हलावं लागणार नाही... मी सौदा करत होतो. पोर गेलेल्या बाईशी.

"कोर्टात तर तू जाशीलच," त्या म्हणाल्या. "सुटली मी म्हणत नाही. राहू दे तशीच. पाळ तू आता." फोन ठेवला. पहिल्या शब्दाला मी कधी कुणाचा भाव मान्य केलेला नाही. हा केला.

गेल्या सोमवारी कोर्टात पहिली तारीख होती. मधल्या सुट्टीत मी बाहेरच्या पायऱ्यांवर आलो. पिकअपवाल्याचा भाऊ तिथे उभा होता. तसंच नाक, तसेच खांदे. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या ओठात न पेटवलेली सिगारेट होती. तो माझ्याकडे आला आणि त्याने विचारलं, लायटर आहे का. लायटर माझ्या खिशातच होता, वीस वर्षांची सवय आहे ती. तो मुठीत इतका घट्ट धरला होता की ती मूठ त्याच्या जबड्यावर गेली असती तर हाड राहिलं नसतं. माझा खांदा मागे गेलाही होता.

"आय डोंट स्मोक," मी म्हणालो.

तो सॉरी म्हणून दुसऱ्या कुणाकडे गेला. मी तिथेच उभा राहिलो, मूठ खिशात ठेवून, आत बोलावेपर्यंत.