न झालेली फायनल

अकोल्याच्या त्या हॉलवर पत्रे होते आणि दिवस मार्चचे. तायक्वांदोच्या लढती सुरू होण्याआधी मुख्य पंचांनी आम्हाला मॅटसमोर उभं करून नियम सांगितले. पडलेल्यावर लाथ मारायची नाही. डोक्याला मार बसून कुणी कोसळलं, तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय पुढची लढत नाही. ऐकत कोण होतं? मीही पायाला पट्टी गुंडाळत होते.

तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात शिकत होते. माझ्याच वजनगटात तिवस्याची एक मुलगी होती. ती मला दर स्पर्धेत हरवायची आणि नंतर डबा उघडून माझ्याच शेजारी बसायची. त्या दिवशी सेमीफायनलमध्ये समोरच्या मुलीची लाथ तिच्या कानावर बसली. हेडगार्ड होतं, तरी आवाज मागच्या रांगेपर्यंत आला. ती आडवी झाली. पंच आकडे मोजू लागले, तशी ती उठली, आणि उरलेल्या वेळात जिंकलीसुद्धा. टाळ्या वाजल्या. डॉक्टरांची खुर्ची मात्र रिकामी होती. ते जठारपेठेत घरी जेवायला गेले होते.

आम्हा दोघींच्या फायनलआधी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"परतीची गाडी कितीले आहे व?"

"साडेपाचले."

ती चेस्टगार्डच्या दोऱ्या बांधू लागली. गाठ बसेना, म्हणून मी बांधून दिली.

"परतीची गाडी कितीले आहे व?" तिनं तशाच आवाजात विचारलं.

मला गंमत वाटली, मी हसले. ती हसली नाही. माझ्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिली.

मी उठून तिच्या सरांकडे गेले. ते म्हणाले, "काहून, भेव लागलं का? तिले काई नाई झालं. पानी पाजलं मी."

पंचांना सांगितलं. त्यांनी तिला लांबूनच विचारलं, "खेळशील ना?"

"हो सर."

"ती हो म्हणते. डॉक्टर येऊनच राहिले. चला, उशीर होऊन राहिला."

आम्ही मॅटवर आलो. नमस्काराची खूण झाली. मी तिच्याकडे वाकले, ती रिकाम्या कोपऱ्याकडे वाकली. मी हेडगार्ड काढून खाली ठेवलं.

"मी नाही लढत."

माझे सर ओरडले, लोकांनी शिट्ट्या मारल्या. पंचांनी तिचा हात धरून वर केला. ती त्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मेडल गळ्यात पडलं आणि हॉलच्या पायऱ्यांवर तिला उलट्या सुरू झाल्या. मग ती हाकेला ओ देईना. तिच्या सरांनी तिला उचलून ऑटोत घातलं.

डोक्यात रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं, ती वाचली. पुन्हा खेळली नाही.

पुढच्या वर्षी मी तिवस्याला तिच्या घरी गेले. ती एकेक शब्द शोधत बोलत होती. मेडल भिंतीला टांगलेलं होतं.

"तो दिवस मले आठवतच नाई," ती म्हणाली. "सर म्हनतात, फायनलमंदी तुह्या लाथेनं मले लागलं. पन मी राग नाई धरला, हं."

शेजारी बसलेली तिची आई माझ्याकडे बघत नव्हती.

"आपली फायनल झालीच नाही," मी म्हणाले, आणि सेमीफायनलपासून सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आईकडे वळून म्हणाली, "मंग सर असं काहून सांगतात?"

आई चहा ठेवायला आत गेली.