जवळच्या विहिरींमधला फरक

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भिवंडीजवळच्या कोन गावातल्या विहिरींचं पाणी मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र तपासत होतो. अंतराबरोबर पाण्यातला फरक कसा वाढतो, हे दाखवणारा वक्र म्हणजे व्हेरिओग्राम. तो आम्ही संगणकावर बसवायचो. तिथे एक वक्र पुरेना. खाडीचा खारेपणा दूरवर हळूहळू बदलत होता, पण कापड रंगवणाऱ्या डाइंगच्या कारखान्यांपाशी शेजारशेजारच्या विहिरींतही मोठी तफावत होती. म्हणून मी लांबच्या अंतराच्या वक्रात जवळच्या अंतराचा एक मिळवला.

मित्राने मला न विचारता तो जवळचा वक्र काढून टाकला आणि ती तफावत नमुने घेण्यातली चूक म्हणून दाखवली. नमुने मी घेतले होते.

"बाटल्या नीट धुवाव्यात रे, म्हाताऱ्या," तो सगळ्यांसमोर हसला. कारखानदारांचं काम त्याने आधीच घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. चूक नमुन्यांत नव्हती. तरी अहवालावर मी सही केली.

कारखान्यांजवळच्या एका विहीरवाल्या आजींना मीच जाऊन सांगितलं, की दोष खाडीचा आहे.

"खाडी तं पयल्यापासून हाय," त्या म्हणाल्या. "पन तुमी शिकलेले सांगताव, तं तसाच असंल."

आणि त्यांनी विहिरीत कळशी सोडली.