मैनाबाईचा तुळशीचा वाफा

वर्तमानपत्रात फोटो आला होता. आठ बायका, आठ पिवळ्या साड्या, आठ झाडू. झाडू इतके नवे की मुठीवरचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं. खाली ओळ होती, ‘मुरलीधर मंदिरात महिला सेवा मंडळाची निष्काम सेवा’. फोटोच्या डाव्या कडेला एक कोपर दिसतं, हाडकुळं, वर गोंदलेलं. ते कोपर मैनाबाईचं. त्या फोटोतली खरी सेवा तेवढीच, आणि तीसुद्धा कापलेली.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्या वॉर्डातलं मुरलीधराचं देऊळ लहानच आहे. सरकारी नोकरीसाठी इथे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांनी ते बांधलं आणि ट्रस्टवर आजही तीच आडनावं आहेत, माझ्यासकट. मैनाबाईचं आडनाव तिथे कुणाला माहीत नाही. मी परवा विचारलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, “मैनाबाईच लिहितो आम्ही.” एकतीस वर्षं.

ती खैरलांजीकडची. नवरा महागू इथल्या राइस मिलमध्ये हमाल होता. देवळात पहिल्यांदा आली तेव्हा तिने आताच्या महेंद्र गुरुजींच्या वडिलांकडे देवाचं काही काम मागितलं. थोरल्या गुरुजींनी विचारलं, काय येतं? ती म्हणाली, “झाडता येते जी. आन झाडं लावता येते.” त्यांनी तिला सभामंडप दिला आणि देवळाच्या मागच्या भिंतीलगतची अडीच हात रुंदीची पट्टी दिली. बस. त्यानंतर तिने काही मागितलं नाही आणि कुणी काही दिलं नाही.

तिची कामाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. पहाटे पाचला ती येते. झाडू हातात घेण्याआधी ती वाकून देवावरून उतरलेलं प्रत्येक फूल, प्रत्येक पान हाताने वेचते. निर्माल्याला झाडू लागता कामा नये, हा तिचा नियम. ते टोपलीत भरून मागच्या खड्ड्यात जातं. खड्ड्यातलं खत वर्षाने तुळशीच्या वाफ्यात जातं. वाफ्यातली तुळस देवावर जाते. म्हणजे देवाचं देवाकडे. ही व्यवस्था तिला कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही. मी कॉलेजात छत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पर्यावरणावर भाषणं दिली, आणि माझ्या घरचा ओला कचरा पॉलिथिनच्या पिशवीतून नगरपालिकेच्या गाडीत जातो.

तुळस ती नखाने खुडत नाही, दोन बोटांच्या पेरांनी मोडते. रविवारी आणि द्वादशीला हात लावत नाही, आदल्या दिवशी खुडून ओल्या फडक्यात ठेवते. खुडण्याआधी झाडाला सांगते, “घेतो वं माय, देवासाठी घेतो.” दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी गल्लीतल्या घराघरात रोपं वाटते. माझ्या अंगणातली तुळस तिचीच आहे. गाभाऱ्याच्या उंबरठ्याच्या आत मात्र ती कधी गेली नाही. तिला कुणी अडवलं नाही, असं ट्रस्टचे अध्यक्ष नीळकंठराव सांगतात. तिला कुणी आत ये म्हटलं नाही, हे सांगायचं ते विसरतात.

नीळकंठराव बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. त्यांची सून मंजुषा जबलपूरची, हुशार, धडाडीची. दोन वर्षांपूर्वी तिने महिला सेवा मंडळ काढलं. वार लावून सेवा. मंगळवारी झाडू सेवा, गुरुवारी पोछा सेवा, शनिवारी भांडी सेवा. मंडळी आठ वाजता यायची आणि देऊळ आधीच लख्ख असायचं. पहिले दोन मंगळवार नुसतेच फोटो झाले. तिसऱ्या मंगळवारी मंजुषा मैनाबाईला म्हणाली, “आंटी, थोड़ा हमारे लिए भी छोड़ दिया करो ना.”

मैनाबाईने सोडलं नाही. पाचला यायचं आणि कचरा बघत बसायचं, हे तिला जमेना. मग मंजुषाने तोडगा काढला. झाडून झाल्यावर अंगणातल्या कडुनिंबाचा पाला मैनाबाईने सभामंडपात पसरायचा, म्हणजे आठ वाजता झाडायला काहीतरी असेल. हे मी बनवून सांगत नाही. मी डोळ्यांनी पाहिलं. म्हातारी ओंजळीने पाला टाकत होती आणि तोंडाने पुटपुटत होती.

“काय म्हणतेस गं?” मी विचारलं.

“देवाले माफी मांगून राह्यली, बाई. एवढे वर्स झाडलं, आता त्याच्या दारात कचरा टाकाले लावलं मले.”

“मग कशाला टाकतेस?”

“नाही टाकला त मले येऊ देतीन का?”

मला तिथेच बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. मला दूध आणायला जायचं होतं.

गेल्या चैत्रात ट्रस्टची बैठक झाली. विषय, परिसर सुशोभीकरण. ठरावावर चौथी सही माझी आहे. बैठक लांबली होती, पंखा बंद होता, आणि मी न वाचता सही केली. विद्यार्थ्यांना न वाचता उत्तरं लिहिण्याबद्दल मी आयुष्यभर झापलं. पंधरा दिवसांनी देवळामागे गेले तर वाफा नाही, खड्डा नाही. तांबड्या-पिवळ्या पेव्हर ब्लॉकची सपाट फरशी, आणि भिंतीवर रंगवलेला मोर, त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढायला. तुळस उपटून कुठे टाकली ते कुणाला सांगता येईना.

मैनाबाईचा झाडूही गेला. आता झाडायला मंडळ होतं ना. तिला चपलांच्या स्टँडवर बसवलं. “वय झालं तुझं मैनाबाई, आता बसून सेवा कर,” नीळकंठराव म्हणाले. स्वर अगदी प्रेमळ. निर्णय झाला की यांचे स्वर प्रेमळ होतात.

ती माझ्याकडे आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, “बाई, चपला सांभाळीन मी, त्याची लाज नाही मले. भक्ताच्या पायाचीच धूळ आहे ते. पन माही तुळस काहून काढली? तिनं कोनाचं काय बिघडवलं होतं?” आणि मग, “तुमी शिकलेल्या, तुमी सांगा त्यायले. तेवढी पट्टी मले द्या म्हना.”

मी सांगितलं. उत्तर मिळालं की वाफ्यामुळे चिखल होतो, डास होतात, देवाच्या जागी अस्वच्छता बरी दिसत नाही.

मग आली गोकुळाष्टमी. आमच्या देवळात अष्टमीच्या सकाळी विष्णुसहस्रनाम म्हणतात आणि एकेका नावाला एकेक तुळशीचा शेंडा देवाला वाहतात. हजार शेंडे. इतकी वर्षं ते मैनाबाईच्या वाफ्यातून यायचे. यंदा मंजुषाने बाजारातून मागवले. दोन मोठ्या परड्या, हिरव्यागार, टवटवीत. मंडळाच्या बायका पिवळ्या साड्यांत ओळीने बसल्या होत्या, महेंद्र गुरुजी माइकवर एकेक नाव म्हणत होते आणि एकेक शेंडा देवाच्या पायाशी पडत होता. मी गुडघ्यांमुळे मागे खुर्चीवर.

तीनशेच्या आसपास नावं झाली असतील. मैनाबाई चपलांच्या स्टँडवरून उठली आणि सभामंडपाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. नाक वर करून हवा हुंगत होती.

“गुरुजी,” ती म्हणाली, “हे तुळस नोहे.”

दोन नावांमध्ये माइक थांबला होता, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“आंटी, बाद में,” मंजुषा हळूच म्हणाली.

“बाद में काय वं? हे सबजा आहे. सरबतात बी घालते तो सबजा. गोड वास येऊन राह्यला. तुळशीचा वास असा राह्यते का?”

एका बाईने परडीतलं पान चुरगळून हुंगलं आणि शेजारणीला दिलं. ते फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. गुळगुळीत, चकचकीत, लव नसलेलं पान, बडीशेपेसारखा वास. सबजाच. माझ्या डोळ्यांदेखत तीनशे पानं वाहिली गेली आणि वनस्पतिशास्त्राची बाई खुर्चीवर हात जोडून बसली होती.

“बाजारवाल्याने तुलसी बोलकर ही दिया था,” मंजुषा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिने मुद्दाम काही केलं नव्हतं हे मी मान्य करते. झाड कधी हातात धरलं नाही की असंच होतं.

मी गुरुजींकडे पाहिलं. “महेंद्र, तुला कळलं नव्हतं?”

गुरुजींनी माइक बाजूला धरला. “पहिल्या शेंड्यालाच कळलं होतं, कालिंदीताई.”

“मग?”

“सगळे बसले होते. कसं बोलणार?”

आता नीळकंठराव उभे राहिले. “असू द्या, असू द्या. देवाला भाव लागतो. पान कुठलं का असेना, तो गोड मानून घेतो. गुरुजी, चालू ठेवा.”

हे ऐकून माझं डोकं फिरलं. चार महिन्यांपूर्वी याच देवाला मैनाबाईचा चिखल चालत नव्हता. आता त्याला सरबताचा पाला चालायला लागला. मी उठून हेच सगळ्यांसमोर म्हणाले, माइकशिवाय, पण माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा. “नीळकंठराव, देव सोसतो म्हणून आपण काहीही खपवायचं, असा ठराव कधी झाला? त्यावर तर माझी सही नाही.”

मैनाबाई आमच्या भांडणाला थांबलीच नाही. देवळाच्या स्वयंपाकघरातलं सूप उचलून ती केव्हाच बाहेर पडली होती. ती कुठे गेली ते मला नंतर शेजारच्या नूतनने सांगितलं. घरोघरी. जिथे जिथे तिने रोप दिलं होतं, तिथे तिथे. फाटक वाजवायची आणि म्हणायची, “माय, माही तुळस जराशी वापस दे. देवाले पायजे.” कुणी नाही म्हटलं नाही. नूतनची मुलं हिंदी शाळेतली, मराठी धड बोलत नाहीत, तीही तिच्यामागून शेंडे मोडत फिरली. तिने त्यांना आधी झाडाला सांगायला लावलं. “बोला, लेते हैं मैया.”

पाऊण तासाने ती परत आली. सूप काठोकाठ भरलेलं. काळी तुळस, हिरवी तुळस, मंजिऱ्यांसकट. सभामंडपात सुपाच्या आधी वास पोचला.

गुरुजी गाभाऱ्यातून बाहेर आले, पायऱ्या उतरले आणि सूप त्यांनी तिच्या हातातून घेतलं. मग आत जाऊन देवाच्या पायाशी पडलेला सगळा सबजा दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात केली. उशिरा का होईना, त्या माणसाला कणा आहे हे दिसलं. मैनाबाई पायरीवरच बसली होती. हजार नावं होईपर्यंत हलली नाही. वर चल म्हणून मी तिला दोनदा म्हटलं. “इथूनच दिसते, बाई,” ती म्हणाली.

शेवटी माइकवरून आभार झाले. सहस्र तुळशी अर्पण, सौजन्य महिला सेवा मंडळ.

आठवड्याने बैठक झाली. नीळकंठरावांनी प्रस्ताव मांडला की मैनाबाईंचा शाल-श्रीफळ देऊन जाहीर सत्कार करावा. अचानक ‘मैनाबाईचा’चं ‘मैनाबाईंचा’ झालं. मी म्हटलं, तिला बोलावून विचारा. आजवर बैठकीत तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती दारापाशी येऊन उभी राहिली. खुर्ची रिकामी होती. ती बसली नाही आणि मी सोडून कुणी बस म्हटलं नाही.

“शाल काय करू जी?” ती म्हणाली. “मले माही पट्टी पायजे. ते फरशी काढून द्या. तुळस लावतो.”

“मैनाबाई, आता ते काम पक्कं झालंय,” नीळकंठराव म्हणाले. “पुढच्या बैठकीत विचार करू. कुंड्या ठेवता येतील.”

“कुंडीत खड्डा कसा करू? निर्माल्य कुठं टाकू?”

मंडळाचं निर्माल्य काळ्या पिशव्यांतून कचऱ्याच्या गाडीत जातं हे सगळ्यांना माहीत होतं. मंजुषा खाली बघत होती.

“हौ,” मैनाबाई म्हणाली. “करा तुमी विचार.” आणि गेली.

सोमवारी पहाटे मी फिरायला निघाले तर देवळामागून ठक ठक आवाज येत होता. मैनाबाई भिंतीलगत उकिडवी बसली होती, हातात सब्बल, लहानशी लोखंडी पहार. एकेक ब्लॉक उचकटून ती शेजारी नीट रचून ठेवत होती. तुटलेला एकही नव्हता. खाली मातीवर वाळू पसरली होती, ती तिने आधीच एका बाजूला ओढली होती.

“कुणाला विचारलंस?” मी म्हटलं.

“थोरल्या गुरुजीले,” ती म्हणाली. “एकतीस वर्साआधी.”

मी ब्लॉक उचलायला वाकले तर ती ओरडली, “गुडघे राहू द्या. घरून पानी आना.” मी पाणी आणलं. थोड्या वेळाने मंजुषा आली, साध्या ड्रेसमध्ये, फोन नाही, मंडळ नाही. ब्लॉक उचलून रचायला लागली. मैनाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “असा नाही, आडवा ठेव. पडते.”

दुपारपर्यंत ट्रस्टचं पत्र फिरलं. मंदिर परिसरातील फरशी विनापरवानगी कुणी काढली, तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. खुलासा मी लिहिला. ठरावावरची माझी सही मी मागे घेते आहे, फरशी त्याच सहीने बसली होती, म्हणून ती काढायची जबाबदारीही माझी, असं लिहिलं आणि खाली सही केली. या वेळी वाचून. सेक्रेटरींना म्हटलं, हे बैठकीत मोठ्याने वाचा, आणि मैनाबाईचं आडनाव तिला विचारून घ्या.

त्या पट्टीत आता नूतनच्या अंगणातून आणलेली सात रोपं आहेत. नोटीस अजून मागे घेतलेली नाही. झाडू मैनाबाईकडे परत आलाय. तो कुणी दिला नाही, तिने कोपऱ्यातून उचलला.