उआथमारानचा मुलगा

गोपीनाथ जगदाळेला शारजात गोपीनाथ म्हणून ओळखणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. बावीस वर्षांपूर्वी अल कुसैसच्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी फोरमननं हजेरी घेतली. एक गोपी तिथं आधीच होता. मग फोरमननं काय करावं? कागदावरचं पुढचं नाव, म्हणजे बापाचं, उचललं आणि ओरडला, "ए महादू, यल्ला, चल!" झालं, बारसं आटोपलं. चौथ्या वर्षी वडील गेल्याचा गावाहून फोन आला तेव्हा गोपीनाथ शिडीवर होता, आणि नेमकी खालून हाक आली, "महादू, उतर!" त्या दिवशी तो शिडीवरच ढसाढसा रडला.

काम प्रदर्शनांच्या भिंतींवर स्टिकरची अक्षरं चिकटवायचं. हात बसलेला, पण यंदा दोन चुका झाल्या होत्या. तिसरी झाली की व्हिसा कॅन्सल, असं सुपरवायझर रणजितनं चारचौघांत सुनावलं होतं. लेक शिवानीचं नर्सिंगचं एक वर्ष बाकी होतं. गडी जीव मुठीत धरून काम करत होता.

आणि शारजातल्याच रोल्ला भागातल्या एका प्रदर्शनात घात झाला. जुन्या दर्यावर्दींचं प्रदर्शन. एका भिंतीवर अकराशे वर्षांपूर्वी वीस जहाजं घेऊन आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलेला एक व्हायकिंग सरदार. वर मोठ्या अक्षरांत ओळ होती, 'सन ऑफ उआथमारान, सन ऑफ बारिथ'. भिंत आखूड पडली. डिझायनर फोन उचलेना. गोपीनाथनं आपल्या रीतीनं हिशेब केला: आधी स्वतःचं नाव, मग बापाचं. उआथमारान हा सरदार, बारिथ त्याचा बाप. पहिलं 'सन ऑफ' कुणीतरी झोपेत टाइप केलंय. त्यानं ते काढून टाकलं आणि ओळ फिट्ट बसली.

चार वाजता खालचा बारीक मजकूर चिकटवता चिकटवता तो अक्षरं जुळवून वाचू लागला. जुन्या आयरिश बखरीत या सरदाराबद्दल एवढुसाच मजकूर आहे. बापाचं नाव आहे, आजोबाचं आहे. त्याचं स्वतःचं नाव कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

गोपीनाथनं रणजितला बोलावून चूक दाखवली. उद्घाटन सहाला होतं.

"महादूकाका, कुणाला कळतंय?" रणजित म्हणाला. "लोक जहाज बघतील, सेल्फी काढतील, जातील."

"मला कळतंय ना."

"अहो, अक्षरांचं नवीन कटिंग मागवलं की मला रिपोर्ट करावाच लागणार. मग तुमचं खलास. घरी काय सांगाल?"

शिवानी डोळ्यांपुढे आली. तोंड दाबून गप्प बसावं, असं अगदी मनात आलं होतं. पण भिंतीकडे बघितलं की त्याला स्वतःचाच संताप येत होता. बावीस वर्षं बापाच्या नावानं हाका ऐकल्या, आणि त्या बिचाऱ्याला आपणच बापाचं नाव चिकटवून मोकळे झालो! त्यानं पहिल्या अक्षराखाली नख घातलं आणि टर्रकन ओढलं.

"अहो काय करताय!" रणजित किंचाळला. मग कपाळाला हात लावून त्यानं अल कुसैसला फोन लावला.

सव्वापाच झाले. गाडी ट्रॅफिकमध्ये. साडेपाच झाले, गाडी तिथंच. पाहुणे दाराशी जमू लागले तेव्हा ड्रायव्हर नव्या अक्षरांचं पाकीट घेऊन धावत आला. गोपीनाथ शिडीवर चढला, घाम डोळ्यांत उतरत होता. सहाला दोन मिनिटं असताना बारक्या अक्षरांतली पूर्ण ओळ भिंतीवर बसली, दोन्ही 'सन ऑफ'सकट.

मागच्या दाराशी रणजितनं मोबाइलवर रिपोर्ट उघडला. तो नजर चुकवत होता.

"काका, माझा नाइलाज आहे हो. लिहितो. चूक करणारा, महादू..."

"नाही. गोपीनाथ लिहा."

"गोपीनाथ कोण?"

"मी," गोपीनाथ म्हणाला. "महादू माझे वडील. चूक माझी आहे, ती त्यांच्या नावावर नको."