मला कधीच न झालेली कावीळ

ही हकीकत सांगायचं मी जवळजवळ चाळीस वर्षं टाळलं. घरच्यांना सांगितली नाही आणि डॉक्टरांनाही नाही. नवा डॉक्टर फॉर्म भरताना विचारतो, "आजोबा, पूर्वी कधी कावीळ झाली होती?" मी ठामपणे "नाही" म्हणतो. शेजारी बसलेली बायको छताकडे बघते. तिला ठाऊक आहे की मला चांगली सणसणीत कावीळ झाली होती. पण मी शपथेवर सांगितलं आहे की झाली नव्हती, आणि सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला शपथेवर सांगितलेलं बदलायचं म्हणजे वरच्या साहेबाची मंजुरी लागते. असा साहेब आता उरलेला नाही.

आम्ही तेव्हा कांदिवलीत दोन खोल्यांत राहत होतो. आई, मी, माझी बायको, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची लहान मुलगी. भावाच्या बायकोला घरात सगळे धाकटीच म्हणत. मी मरोळच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. रजेचे अर्ज आणि डॉक्टरांचे दाखले माझ्या टेबलावरून पुढे जात. खोटा दाखला मी वासावरून ओळखतो, असं मीच सगळ्यांना सांगायचो. आजारपणाच्या रजेत मेहुण्याच्या लग्नाला गेलेल्या एका शिपायाला मी ठरवून पकडून दिलं होतं. त्याची एक वेतनवाढ थांबली, तेव्हा मला कर्तव्य पार पाडल्याचं समाधान झालं होतं.

त्याच सुमाराला मला कावीळ झाली. बायको बाळंतपणाला गावी, कुडाळकडे गेलेली. आई गुडघ्यांनी जायबंदी. भाऊ शिफ्टवर. धाकटीने मला रिक्षात घालून पालिकेच्या इस्पितळात नेलं, केसपेपर काढला, नातेवाईक म्हणून सही केली. त्यानंतरचा दीड महिना तिने मला बिनतेलाचं, बिनमसाल्याचं शिजवून घातलं. माझी भांडी वेगळी, पाणी दोनदा उकळलेलं. उसाचा रस पाज असं कुणीतरी सांगितलं, तर ती घरून किटलीत कढत पाणी घेऊन निघायची आणि रसवाल्याला आधी चरक धुवायला लावायची. रसवाला वैतागून म्हणायचा, "ताई, तुम्हीच चालवा ना दुकान!" ती म्हणायची, "बाजूला हो, चालवते." ही हकीकत तीच हसत हसत सांगायची. मी डोळे मिटून रस प्यायचो आणि कचेरीत पाठवायच्या दाखल्याची काळजी करायचो.

पुढे दोनेक वर्षांनी ती आणि भाऊ वेगळे झाले. कारण त्या दोघांना माहीत. आमच्या प्रतिज्ञापत्रांची पुढे नऊ पानं झाली, त्यांत ते कारण कुठेही आलं नाही. ती दहिसरला आईकडे गेली. पाच वर्षांची मुलगी भावाने ठेवून घेतली. धाकटीने कोर्टात अर्ज केला : मूळ खटल्याचा निकाल लागेपर्यंत मुलगी माझ्याकडे द्या. मुंबईत तेव्हा कौटुंबिक न्यायालय सुरू झालेलं नव्हतं, ही कामं फोर्टातल्या कोर्टात चालत. असल्या मधल्या अर्जावर साक्षीदार तपासत नाहीत. दोन्हीकडची प्रतिज्ञापत्रं वाचून न्यायाधीश ठरवतात. म्हणजे पोर कुणाकडे झोपणार, ते कागदावर ठरणार होतं.

आणि कागद म्हटलं की घरात मी.

वकिलांचं ऑफिस अंधेरीला, पिठाच्या गिरणीच्या वर होतं. सगळ्या फायलींवर पिठाची बारीक भुकटी असायची, आणि अशील खाली उतरताना दळण टाकून आल्यासारखे दिसायचे. वकिलांनी धाकटीच्या अर्जाची प्रत पुढे सरकवली. "बावीस परिच्छेद आहेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचं. नियम एकच. जे नाकारलं नाही, ते कबूल केलं असं धरतात."

"म्हणजे सगळंच नाकारायचं?"

"लग्नाची तारीख सोडा. बाकी सगळं."

मला हे काम आवडलं, हे आज कबूल करतो. रोज रात्री जेवण झालं की मी अर्ज उघडून बसायचो. मसुदा मी मराठीत करायचो, वकील त्याचं इंग्रजी करून टाइप करून घ्यायचे. पहिल्या दिवशी मी नुसतं "मान्य नाही" लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी "मजकूर खोटा, खोडसाळ व द्वेषमूलक आहे" इथपर्यंत आलो. पाचव्या दिवशी वकील म्हणाले, "तुम्ही चुकून सरकारी नोकरीत गेलात." ही शाबासकी मी बरेच दिवस मिरवली.

अडचण आईची होती. तिचंही प्रतिज्ञापत्र हवं होतं. धाकटीने लिहिलं होतं की ती सासूला रोज ताजी भाकरी करून वाढत असे. मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, "हे खोटं आहे असं लिहितोय."

आई म्हणाली, "अरे, पन भाकरी ती बरी करी. ता खोटा कसा म्हणू?"

"आई, भाकरी कबूल केलीस की पुढचं सगळं कबूल होतं. वकील म्हणाले."

"वकिलान खाल्यान होती तिची भाकरी?"

भाऊ ओरडला, "आई, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"मी भाकरीच्या बाजूक," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशी तिने अंगठा दिला. खाली इंग्रजीत छापलं होतं की हा सर्व मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आला आहे. तेवढी एक गोष्ट त्या कागदात जवळपास खरी होती.

मग अकरावा परिच्छेद आला. आमचा सगळा भर धाकटी घरातल्या माणसांची आबाळ करते यावर होता. अशा बाईकडे मूल कसं सोपवायचं? त्याला तिचं उत्तर अकराव्या परिच्छेदात होतं : थोरल्या दिरांना कावीळ झाली असता मी त्यांना इस्पितळात नेलं व दीड महिना त्यांची शुश्रूषा केली.

मी वकिलांना म्हटलं, "हे मात्र खरं आहे."

"शुश्रूषा नाकारा."

"पण मग विचारतील, जेवण कोणी केलं? बायको गावी होती."

वकिलांनी डोळे मिटले. खाली गिरणी घरघरत होती. मग म्हणाले, "कावीळच नाकारा. आजार नाही तर पथ्य नाही. पथ्य नाही तर शुश्रूषा कुठली?"

बुद्धिबळात एकाच चालीत वजीर मारावा तसं मला ते वाटलं. घरी येऊन मी सुंदर अक्षरात लिहिलं की मला कावीळ कधीही झालेली नाही, सबब शुश्रूषेचा प्रश्न उद्भवत नाही. 'सबब' या शब्दावर मी खूश होतो. बायकोने वाचलं आणि विचारलं, "मग बारशाला तुम्ही आला नाहीत ते का?" मी म्हटलं, "तुला कायद्यातलं कळत नाही."

शपथ घ्यायला गेलो तर शपथ देणारा अधिकारी डबा सोडत होता. "मजकूर समजला?" त्याने न बघता विचारलं. मजकूर माझाच होता, समजला नाही कसं म्हणणार?

सुनावणीच्या दिवशी धाकटी समोरच्या बाकावर बसली होती. तिची वकील एक तरुण बाई होती. आमचं प्रतिज्ञापत्र चाळताना ती अकराव्या परिच्छेदापाशी थांबली, धाकटीकडे वळून काही कुजबुजली आणि हात पुढे केला. धाकटीने पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला, पण तो तिच्या हातात दिला नाही. मान हलवली. वकील बाईने कपाळावर हात मारून घेतला. धाकटीने पुन्हा मान हलवली आणि कागद पिशवीत ठेवून दिला.

मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात उभा होतो. ती सरळ माझ्याकडे आली. भाऊ तोंड फिरवून पाणी प्यायला गेला.

"भावोजी, हा तुमचा केसपेपर. माझ्या सामानात आला होता. जपून ठेवा, पुन्हा दुखणं निघालं तर डॉक्टर जुने कागद मागतात."

वर माझं नाव, खाली तिची सही. मी तो हातात घेतला.

ती म्हणाली, "वकील म्हणते हा लावू या, आणि तुमच्या ऑफिसातून रजेचं रजिस्टर मागवू या. म्हणजे तुमची नोकरी जाईल म्हणते. मी म्हटलं, नको. त्यांचं पोर लहान आहे."

रजेचं रजिस्टर! ते माझ्याच कपाटात होतं, आणि त्यात कावीळ माझ्याच सुंदर अक्षरात लिहिलेली होती. शिपायांचे दाखले हुंगणाऱ्या मला स्वतःचा दाखला दोन महिन्यांत एकदाही आठवला नव्हता.

"हं," मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून पुढे म्हणालो, "बरं केलंस."

ती जायला निघाली आणि परत वळली. "तिला रात्री तहान लागते. उशाशी तांब्या ठेवायला सांगा वहिनींना. झाकून."

मला अजून वेळ होता. सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं की साहेब, अकरावा परिच्छेद खरा आहे. मी केसपेपरची आणखी एक घडी घातली आणि तो आतल्या खिशात ठेवला.

निकालात लिहिलं होतं की घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा केल्याचं अर्जदाराचं म्हणणं ज्या व्यक्तीबाबत आहे, त्या व्यक्तीनेच ते शपथेवर नाकारलं आहे. मुलगी वडिलांकडे राहील. आईने महिन्यातून दोन रविवार भेटावं. हे मूळ खटला निकाली निघेपर्यंत. मूळ खटला निकाली निघाला तेव्हा मुलगी दहावीला होती. उशाशी तांब्या मीच ठेवत असे. तो नेमही मी कचेरीतल्या नेमासारखा पाळला, एकही खाडा न करता.

माफीचे मसुदे मी पुष्कळ केले. सगळे कचेरीच्या पत्रासारखे व्हायचे. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे" इथे आलो की मलाच लाज वाटायची आणि कागद फाडायचो. शेवटी निवृत्त झाल्यावर एकदा तोच केसपेपर खिशात घालून दहिसरला गेलो. नदीच्या बाजूच्या चाळीत ती पोळी-भाजीचे डबे करून द्यायची. दार उघडून म्हणाली, "अगोबाई, भावोजी! या." कशाला आलात, असं विचारलं नाही.

बशीत पोहे आले. बाजूच्या पातेल्यातले पोहे फोडणीने चकाकत होते, माझ्या बशीतले पांढरे, कोरडे होते. "तुमचे वेगळे केलेत. बिनतेलाचे," ती म्हणाली.

बशी मी खाली ठेवली. मी कागद बाहेर काढला नाही, पण हात खिशावर ठेवला आणि सुरुवात केली, "ती कावीळ..."

ती एकदम काळजीने जवळ आली. "पुन्हा उलटली का?"

"नाही, नाही."

"मग बरं. मी घाबरलेच." आणि ती चहाकडे वळली.

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मला कावीळ झाली होती, तू मला वाचवलंस, आणि मी तुझं मूल घालवलं. तीन तुकडे, साधे, एकही 'सबब' नाही. ती पाठमोरी होती, त्यामुळे सोपंही होतं.

तिने कप पुढे केला आणि विचारलं, "साखर ठीक आहे ना?"

मी म्हणालो, "बेताची आहे."

ती जाऊन आता दोन वर्षं झाली.